लो बॉनेटचं खूळ

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण घरचंच आहे, पण चार भिंतींत मिटेल असं काही दिसत नाही. एक बाजू देवरीत, दुसरी पुण्यात, आणि पुण्याची बाजू दर रविवारी फोनवर नवा मुद्दा काढते. शिवाय इथे वाचायला येणाऱ्यांत निम्मे आमच्याच गोतावळ्यातले. प्रत्येकाला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

विषय आहे थोरल्या दादाची जीप. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. महिंद्रची पेट्रोल जीप, सीजे-३बी, नोंदणी १९७९ ची, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातली. (आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला.) नंबर अजून जुना, तीन अक्षरी. दादाचा तेंदूपत्त्याचा धंदा होता. मे महिन्यात चिचगड-ककोडीकडच्या फळ्यांवर जायचं तर तेव्हा दुसरं वाहन टिकत नसे. हंगाम संपला की उरलेलं वर्ष ती गावाची. लग्नाची वरात, अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, सगळं तिनेच वाहिलं. निवडणूक आली की तहसीलवाले ती सरकारी कामाला घेऊन जायचे आणि आठ दिवसांनी चिखलाने माखलेली परत आणून लावायचे.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. जीप मागच्या छपरीत उभी आहे. आणि आता आमच्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, "क्लासिक" गाडीचा छंद लागला आहे.

छंदाला माझी हरकत नाही. पण त्याच्या डोक्यात दोनच रस्ते आहेत. पहिला असा की ही जीप कुणा कबाड्याला देऊन टाकायची आणि मंडी डबवालीहून एक तयार, "मॉडिफाय" केलेली जीप आणायची. (हे गाव पंजाब-हरियाणाच्या सीमेवर आहे, सगळ्या देशातले हौशी लोक तिथून अशा जीपा बांधून घेतात.) दुसरा रस्ता म्हणजे आमचीच जीप एखाद्या गॅरेजात घालून तिचं तसं रूप करायचं. बॉनेट कापून खाली आणायचं, आत नवं डिझेल इंजिन, रुंद टायर, पॉवर स्टिअरिंग, पुढे दिव्यांची पट्टी. "आत्या, तूच सांग, विकत घेऊ की बांधू?" असा त्याचा प्रश्न.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. प्रश्नपत्रिकेत दोन पर्याय दिले आणि दोन्ही चूक असले तर मुलाने काय करावं? वर्गात मी सांगायची, "प्रश्नच चुकीचा छापलाय असं उत्तरपत्रिकेत लिहा आणि बरोबर उत्तर खाली मांडा." तेच करते.

आधी त्या लो बॉनेटचं बघू, कारण सगळ्या खुळाचं मूळ तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप बुटकी दिसते. तिचं बॉनेट खाली असतं आणि पुढच्या जाळीला नऊ फटी असतात. आमच्या सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे आणि फटी सात. भाच्याला हा उंचपणा बेंगरूळ वाटतो. आता तो का आहे ते ऐका. युद्धातल्या जीपचं इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचं, साठेक अश्वशक्तीचं, आणि त्याच्या झडपा बाजूला, खाली बसवलेल्या. पुढे विलीज कंपनीने त्याच मापाच्या इंजिनात एक झडप वर, डोक्यात नेली. ताकद वाढली, आणि इंजिनाची उंचीही वाढली. आता हे उंच इंजिन झाकायचं कशाने? उंच बॉनेटने! म्हणून १९५३ साली सीजे-३बी आली ती उंच कपाळ घेऊन. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली. आपल्याकडे महिंद्र त्यानंतरही कित्येक वर्षं बनवत राहिले आणि भारतातल्या खेड्यापाड्यांनी "जीप" म्हणून जी ओळखली ती हीच, उंच कपाळाची.

म्हणजे आमच्या जीपचं कपाळ उंच आहे, कारण तिच्या डोक्यात काही आहे. ते कापून बुटकं करायचं, आणि करून काय मिळवायचं, तर जी गाडी ती कधी नव्हतीच त्या गाडीचं सोंग. युद्धातली जीप नॉर्मंडीत उतरली असेल. आमची जीप ककोडीच्या नाल्यात उतरली होती, आणि बाहेरही आली होती. तिला दुसऱ्याचे बिल्ले लावायची मला तरी गरज वाटत नाही.

आपल्याकडे जुन्या देवळांचं असंच होतं. काळ्या दगडाचं कोरीव देऊळ असतं. गावात पैसा येतो. मग पहिला ठराव काय होतो? ऑइलपेंट मारा. दुसरा ठराव, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स लावा. करणाऱ्यांचा भाव वाईट नसतो हो, त्यांना खरंच वाटतं की आपण देवाचं काही केलं. पण नक्षीत रंग भरून बसला की तो पुन्हा काढणं महाकठीण. भाच्या, तुझाही भाव वाईट नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर ब्रश हातात घेण्याआधी ओरडते आहे.

आता तयार गाडीचं. मंडी डबवालीच्या कारागिरांशी माझं भांडण नाही. लष्कराच्या लिलावातल्या सामानातून त्यांनी अख्खा धंदा उभा केला, ही साधी गोष्ट नव्हे. पण घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का? अशा जीपचा सांगाडा एका गाडीचा, पत्रा नवा ठोकलेला, इंजिन तिसऱ्या गाडीचं आणि कागद चौथ्या गाडीचे असू शकतात. भाच्याला कुणीतरी सहा लाख सांगितले आहेत. मी विचारलं, "चासी नंबरचा ठसा मूळ आहे का पुन्हा मारलेला? आरसी बुकावर इंजिन कोणतं लिहिलंय? फोर व्हीलचा दांडा ओढला तर पुढची चाकं खरंच ओढतात, का तिथला शाफ्टच काढून टाकलाय?" तिन्हीला उत्तर एकच, "फोटो पाठवतो." फोटो आला. लाल रंग झकास होता!

शिवाय परराज्यातली गाडी आणायची म्हणजे तिथल्या कार्यालयाची ना-हरकत हवी, तो फॉर्म २८. मग इथला रोड टॅक्स. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर महाराष्ट्राचा नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तेव्हा इथला निरीक्षक गाडीकडे बघणार, कागदाकडे बघणार, पुन्हा गाडीकडे बघणार. सहा लाखांची वस्तू त्या एका नजरेवर अवलंबून!

शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. माझ्या पिढीच्या शिक्षकांना त्याचा धाक माहीत आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, बापाचं नाव एकदा त्यात चढलं की खाडाखोड नाही. मूल पुढे कलेक्टर होवो की कंडक्टर, दाखला त्याच रजिस्टरावरून निघतो. गाडीचं आरसी बुक म्हणजे तिचा दाखला. त्यात जे लिहिलंय ते आणि समोर उभी गाडी, दोन्ही जुळलं पाहिजे. कायदा याहून वेगळं काही मागत नाही.

तो कायदा पुष्कळांना माहीतच नाही असं दिसतं, म्हणून जरा मास्तरकी करते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली त्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असं त्यात आहे. केरळात यावर वाद झाला, तिथल्या उच्च न्यायालयाने थोडी ढील दिली होती. प्रकरण दिल्लीला गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या पीठाने ती ढील काढून घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हं! भाच्याची यादी मी मोजली, नऊ बदल निघाले.

काय चालतं तेही सांगते, नाहीतर आत्या नुसती "नको नको" करते असं होईल. इंजिन बाद झालं तर परवानगी घेऊन त्याच जातीचं दुसरं बसवता येतं. मान्यताप्राप्त संच लावून गॅसवर किंवा बॅटरीवर नेता येतं. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून केलेल्या बदलालाही वाट ठेवली आहे. रंग बदलला तर तो नोंदवून घेता येतो.

यावर भाच्याचं उत्तर, "आत्या, देवरीत कोण बघतंय?"

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. कॉपी करणारी मुलं हेच म्हणायची. देवरी नागपूर-रायपूर महामार्गावर आहे बाबा, साधारण मधोमध. पूर्वीचा सहा नंबरचा, आता त्रेपन्न म्हणतात. राज्याची सीमा जवळ, तपासणी नाका जवळ, रात्रंदिवस ट्रक. पोलिसाने बघितलं नाही तरी ट्रकवाला बघेलच, नको त्या वेळी. आणि देव न करो, कुणाला लागलं तर पहिला प्रश्न विमा कंपनी विचारणार. तिला न सांगता इंजिन बदललेलं असलं की ती कागदावर बोट ठेवून मोकळी. मग ज्याच्या पोराचा पाय मोडला त्याची भरपाई तू पुण्याच्या पगारातून देणार का? घरावर काढलेलं कर्ज आधी फेड म्हणावं.

माझा खरा राग मात्र दंडाचा नाही, यंत्राविषयीच्या बेपर्वाईचा आहे. जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. पायात जेवढा जोर तेवढाच ब्रेक. दादा ती चाळीस-पन्नासच्या वेगाने चालवायचा, कारण त्याला ठाऊक होतं की थांबायचं कशाच्या भरवशावर आहे. या गाडीत नव्या काळाचं जड, जोरकस डिझेल इंजिन टाकलं की ती पळणार ऐंशीने, आणि थांबणार कशाने? त्याच ड्रमने! पुढच्या पाट्यांवर वजन वाढणार ते वेगळंच. रुंद, मोठे टायर लावले की स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर ताण येतो. आणखी एक गंमत, चाकाचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा पन्नास दाखवतो तेव्हा तुम्ही पन्नासच्या पुढे असता. सातवीच्या गणिताचा प्रश्न आहे, पाय गुणिले व्यास. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. व्हिडिओत गाडी धूळ उडवत येते, गाणं वाजतं, संपलं.

इथल्या मिस्त्रीशी बोलले. महामार्गाच्या कडेला त्याचं दुकान, दादाच्या वेळेपासूनचा माणूस. म्हणाला, "बाई, इंजिन तं म्या बसवून देतो, तेच्यात काही नाही. पन थांबली नाही तं मले नोका म्हणजा." एवढं प्रांजळ एस्टिमेट पुण्याच्या कोणत्या गॅरेजने दिलंय, सांगा.

भाच्याचा शेवटचा हुकमी मुद्दा असा की आपली वस्तू आहे, आपण वाटेल ते करू. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आणि इथे मी सरकारच्याही बाजूने बोलणार नाही. आपल्या कायद्यात एकट्यादुकट्या हौशी माणसाला "मी हा बदल केलाय, नीट केलाय, तपासा आणि नोंदवा" असं म्हणायला धड दारच नाही. दार नसलं की लोक खिडकीतून शिरतात. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं यासाठी गुणांची पद्धत चालली. मूळ सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअर, स्टिअरिंग यांना दोन-दोन, इंजिनाला एकच. आठ गुण मिळाले की जुना नंबर राहिला, नाहीतर गाडी नवी समजून तपासणीला. मला ही कल्पना फार आवडली (मास्तरणीला गुणपत्रिका आवडणारच!). त्यात एक विचार आहे की गाडीची ओळख तिच्या हाडांत असते. आपल्याकडे असं काही करावं म्हणून कुणी अर्ज काढला तर मी सही करीन. पण दार होईपर्यंत खिडकीचे गज कापायचे, हे मला मान्य नाही.

आणि "आपली वस्तू" म्हणजे कोणाची? कागदावर ती अजून दादाची आहे. मालक गेला की वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव चढवायचं असतं. मी तेव्हाच आठवण केली होती, पुण्याला वेळ नव्हता. चाकं निवडायला मात्र वेळ आहे! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवायची. दादाने १९९४ पासून एकदाही चुकवली नाही, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, सगळे शिक्के आहेत. २०२४ चा नाही, कारण दादा नव्हता. आता उशिराचा भुर्दंड, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार केलं आहे, ते. हे सगळं तुझ्या एस्टिमेटच्या कागदावर कुठेच नव्हतं. मी तो कागद छापून घेतला, लाल पेनने तपासला आणि परत पाठवला. शंभरपैकी अठ्ठावीस. पस्तिसाला पास.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, धंद्यात नसलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, दहा वर्षांसाठी. पुढच्या वेळी पाच हजार. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. अट मात्र महत्त्वाची आहे, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

आमची जीप २०२९ साली पन्नास वर्षांची होते! मंडळी, आता कळलं का मी का ओरडते आहे? पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ जी गाडी जशीच्या तशी राहिली, तिच्यावर शेवटच्या काही वर्षांत गॅस कटर चालवायचा. पेपर संपायला दहा मिनिटं असताना उत्तरपत्रिका फाडायची, तसलंच हे.

व्हिंटेज नोंदणी घ्याच असंही माझं म्हणणं नाही. घेतली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मोकळीक. वहिनीला तिच्यातून शेतावर जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी, ती दर पाच वर्षांनी होत राहील. पण दोन्ही दारं उघडी राहतील ती गाडी मूळ रूपात असेल तरच. एक कट मारला की दोन्ही बंद.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. आमच्या एका ब्लॉगवाल्या मित्रांनी मला कळवलं की, मग गाडीला हातच लावू नका, काचेच्या खोलीत ठेवा. हेही मला पटत नाही. गाडी चालली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. लोक हळहळले ते कशासाठी? ती रोज पावसात भिजत, खड्डे खात, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर टाकत माणसं वाहत होती म्हणून. तिला कुणी स्पोर्ट्स कार बनवलं असतं तर कुणी हळहळलं नसतं, आणि कुणाच्या गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवली असती तरीही नाही.

तर माझं उत्तर. विकत घेऊ नको. बांध. पण बांधायचं म्हणजे होती तशी उभी करायची. आणि काम उलट्या क्रमाने नको. सगळे आधी रंग लावतात, कारण फोटो रंगाचाच निघतो. आधी कागद. मग ब्रेक, चारही ड्रम उघडून, रबरं आणि नळ्या नव्या, मास्टर सिलिंडर नवा. मग पेट्रोलची टाकी. ती ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, तीन वर्षं तशीच पडली आहे, आत गंज असणार. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनी रबरं त्याला टिकत नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून लवकर गंजते. तेव्हा टाकी साफ, नळ्या बदल, कार्ब्युरेटरची गॅस्केटं बदल, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी कर. मग रेडिएटर. मग वायरिंग, कारण उंदरांनी काय ठेवलंय ते बघावं लागेल. इंजिन त्यानंतर. रंग अगदी शेवटी.

काहीच नवं नको असंही नाही. सीटबेल्ट लाव, मागे रिफ्लेक्टर लाव, आग विझवायची बाटली ठेव. जे पान्याने बसवलं आणि पान्याने काढता आलं ते मला चालेल. ज्याला कटर आणि वेल्डिंग लागतं ते नाही.

खर्च? सहा लाखांहून खूप कमी, आणि एकदम नाही. दर सुट्टीत थोडं. "वेळ लागेल" हे तुझं रडगाणं मी ऐकून आहे. लागू दे की! २०२९ पर्यंत वेळच वेळ आहे. आणि बांधताना तुला त्या गाडीत काय कुठे आहे ते कळेल. फळीच्या वाटेवर, भर जंगलात, दादाने पेट्रोलच्या नळीतला कचरा तोंडाने फुंकून काढला आणि गाडी पुन्हा चालू केली, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याला ते येत होतं कारण त्याने ती उघडली होती. सहा लाख मोजून आणलेल्या जीपचं बॉनेट तू उघडशील आणि डबवालीला व्हिडिओ कॉल लावशील.

जाता जाता, इतिहासाची मास्तरीण म्हणून एक सांगायचं राहिलं. ज्या कंपनीने ही जीप बनवली ती १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. फाळणी झाली, मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ ला कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. विलीज जीप जुळवायला त्यांनी मुंबईत सुरुवात केली ती १९४७ मध्ये. या देशाच्या जन्मवेळेची ही गाडी आहे. तिच्यावर अमेरिकन सैन्याचा पांढरा तारा रंगवायचा बेत कुणाच्या डोक्यात असेल तर त्याने आधी मला फोन करावा.

तर भाच्या, फॉर्म ३१ मी गोंदियाहून मागवून घेतला आहे. वहिनीची सही झाली. तुझी आणि ताईची संमती प्रतिज्ञापत्रावर हवी, ती नोटरी करून पोस्टाने पाठव, फोटो नको. मिस्त्रीने ड्रम उघडायचा दिवस पोळ्यानंतरचा सांगितला आहे. जॅक त्याच्याकडे आहे, हुडाची ताडपत्री नागपूरला मिळेल. रंगाचं तेवढं ठरायचं आहे. वहिनी म्हणते होता तोच हिरवा, आणि मिस्त्री म्हणतो तो हिरवा आता डब्यात मिळत नाही, मिसळून करावा लागतो.